प्रौढांच्या हौशी आइस हॉकीतील दुखापतींचा प्रतिबंध

कॅनडा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरी-व्यवसाय सांभाळून केवळ आनंदासाठी आइस हॉकी खेळणाऱ्या प्रौढांचा वर्ग मोठा आहे. त्यांच्या साखळी स्पर्धांना बोलीभाषेत 'बीअर लीग' म्हणतात. सामने बहुधा रात्री उशिरा, बंदिस्त हिमप्रांगणात होतात. यांतील बहुतेक स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्यास (बॉडीचेकिंग) बंदी असते. तरीही दुखापती टळत नाहीत. कारण नियमाने हेतुपुरस्सर धडक थांबते, घसरणे, अनवधानाने होणारी टक्कर, स्टिकचा फटका आणि पक लागणे थांबत नाही. पक ही कठीण रबराची सुमारे १५६ ते १७० ग्रॅम वजनाची चकती असते व सामन्यापूर्वी ती गोठवली जाते.

== चेहरा व डोळे ==
या खेळात संरक्षक साधने उशिरा रुळली. नॅशनल हॉकी लीगमधील गोलरक्षक जाक प्लांत याने १ नोव्हेंबर १९५९ रोजी चेहऱ्यावर पक लागल्यानंतर मुखवटा घालून सामना पूर्ण केला. १९६८ मध्ये बिल मास्टरटन हा खेळाडू बर्फावर डोके आपटून मरण पावला. तरीही त्या लीगमध्ये शिरस्त्राणाची सक्ती १९७९ मध्ये आणि तीही केवळ नव्याने करारबद्ध होणाऱ्यांसाठी आली. शिरस्त्राणाविना खेळणारा शेवटचा खेळाडू, क्रेग मॅकटॅविश, १९९७ मध्ये निवृत्त झाला.

डोळ्यांच्या बाबतीत टोरोंटोचे नेत्रतज्ज्ञ टॉम पॅशबी यांचे कार्य मूलभूत मानले जाते. १९७० च्या दशकात त्यांनी हॉकीमुळे झालेल्या नेत्रदुखापतींची देशभरातून नोंद केली आणि मुखसंरक्षकाची प्रमाणके ठरविण्यासाठी पाठपुरावा केला. कॅनडातील मुलांना पूर्ण जाळी सक्तीची झाल्यावर अंधत्व आणणाऱ्या दुखापती झपाट्याने घटल्या. प्रौढांना मात्र अनेक ठिकाणी निवडीची मुभा आहे आणि लहानपणी जाळी घातलेले खेळाडूच मोठेपणी ती काढून ठेवतात. अर्धी पारदर्शक काच (व्हायजर) डोळ्यांना बरेच संरक्षण देते, पण दात व जबडा उघडे ठेवते. शिरस्त्राण मागे कलले असेल तर स्टिक काचेखालून आत शिरू शकते. दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागणाऱ्या माणसासाठी पूर्ण जाळी हाच शहाणपणाचा पर्याय होय.

== मान व पाठीचा कणा ==
२८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या अमेरिकन खेळाडूच्या मानेला स्केटचे पाते लागून त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर कंठपट्टीचा प्रश्न ऐरणीवर आला व आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत ती सक्तीची केली. हौशी खेळाडूंनी कापरोधक धाग्यांची कंठपट्टी, तसेच मनगट व पोटरीवर तशाच कापडाचे आवरण वापरणे इष्ट ठरते.

कंठपट्टी पात्यापासून वाचवते, मणक्यांना नाही. डोके खाली घालून कठड्यावर आदळल्यास मानेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि आघाताचा सारा भार मणक्यांवर सरळ येतो. म्हणून कठड्याकडे घसरत जाताना डोके वर ठेवणे व शक्यतो खांदा पुढे करून आघात घेणे शिकवले जाते. पाठीमागून ढकलणे हा याच कारणासाठी कठोर दंडाचा गुन्हा आहे.

== हृदय ==
चाळिशी-पन्नाशीतील खेळाडूंच्या बाबतीत सर्वांत गंभीर धोका स्टिक-पकचा नसून हृदयाचा असतो. आठवडाभर बैठे काम आणि एका रात्री अचानक कमाल श्रम, असा हा व्यायाम आहे. व्यावसायिक खेळाडू साधारण पाऊण मिनिटात बदली घेतो. हौशी संघात माणसे कमी असल्याने प्रत्येकाची पाळी लांबते व नाडी खाली येण्यास अवधी मिळत नाही. दीर्घ खंडानंतर परतणाऱ्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपानाची पार्श्वभूमी असलेल्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करावी. छातीत दडपण वा असामान्य धाप जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवावा. प्रांगणात स्वयंचलित डिफिब्रिलेटर कोठे आहे, हे प्रत्येक संघाला ठाऊक असावे.

== जांघ व स्नायू ==
स्केटिंगच्या रेट्यामुळे जांघेतील स्नायू वारंवार ताणले जातात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, व्यावसायिक खेळाडूंवरील एका अभ्यासात ज्यांच्या आतील स्नायूंचे बळ बाहेरील स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी होते, त्यांना हा ताण येण्याची शक्यता सुमारे १७ पट आढळली. तेव्हा केवळ ताणाचे व्यायाम पुरेसे नाहीत. आतील स्नायूंना बळकटी द्यावी लागते, आणि तीही हंगामापूर्वी.

== प्रांगणातील हवा ==
याकडे सहसा दुर्लक्ष होते. बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र इंधनावर चालत असेल आणि वायुवीजन अपुरे असेल, तर कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड साचतात. एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी किंवा मळमळ सुरू झाली, तर सर्वांनी बाहेर पडावे. विजेवर चालणाऱ्या यंत्रांमुळे हा धोका टळतो.

== मेंदूला हादरा ==
शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून वाचवते, पण कवटीच्या आत मेंदू हलणे ते थांबवू शकत नाही. हादऱ्याची शंका आल्यास त्या दिवशी पुन्हा बर्फावर उतरू नये. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हलका व्यायाम, त्यानंतर टकरीविना सराव आणि वैद्यकीय अनुमतीनंतरच सामना, असा क्रम पाळला जातो. बीअर लीगमध्ये बाकावर वैद्य नसतो. त्यामुळे खेळाडूला बाहेर बसवण्याचा निर्णय सहकाऱ्यांनाच घ्यावा लागतो.