शेतवस्तीवरील घरासाठी सौर-पवन वीज संच : आखणी पावसाळ्यातील झड धरून करा

गावठाणापासून दूर असलेल्या अनेक वस्त्यांवर घरची वीज शेतीच्या फीडरवरच अवलंबून असते. पंपांची पाळी संपली, की घरातील दिवाही जातो. रात्री गोठ्यात जाताना उजेड नसणे, साप-विंचू आणि काही भागांत बिबट्याचा वावर, मुलांचा अभ्यास, मोबाईलचे चार्जिंग या अडचणींमुळे अनेक शेतकरी स्वतंत्र सौर संचाचा विचार करतात. मात्र बहुतेक संच ‘एक किलोवॉटचा बसवा, सगळे चालेल’ एवढ्याच बोलण्यावर घेतले जातात. उन्हाळ्यात ते उत्तम चालतात आणि जुलैच्या झडीत तिसऱ्या दिवशी बंद पडतात. दोष पॅनेलचा नसतो, हिशेब वर्षाच्या सरासरी उन्हावर केलेला असतो.

आधी कोणता संच हवा हे ठरवा

ग्रीडला जोडलेला (ऑन-ग्रीड) संच महावितरणची वीज गेली, की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो. छतावर ऊन असले तरी घरात वीज नसते. लाईनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ही व्यवस्था असते, ती टाळू नये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान ग्रीडला जोडलेल्या घरगुती संचासाठी आहे. वस्तीवर दिवसातील बराच वेळ वीजच नसेल, तर केवळ अनुदान मिळते म्हणून असा संच घेऊन उपयोग नाही. तेथे बॅटरी असलेला ऑफ-ग्रीड किंवा हायब्रीड संच लागतो.

सौर पंपाच्या पॅनेलवरून घर चालेल का, असेही विचारले जाते. पंपाची पॅनेल एकापाठोपाठ जोडलेली असल्याने तेथे काहीशे व्होल्टचा डीसी प्रवाह असतो. त्यावर घरचा इन्व्हर्टर परस्पर जोडणे जिवावर बेतू शकते आणि पंपाची हमीही जाते. अशा वापरासाठी युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर असतो. तो आपल्या पंपाला चालतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

विजेची गरज मोजा

वही घेऊन बसावे. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि रोजचे तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. १००० वॅट-तास म्हणजे एक युनिट. चार-पाच माणसांच्या वस्तीचा एक हिशेब असा :

- ९ वॅटचे ५ एलईडी दिवे, ५ तास : २२५
- ३० वॅटचे २ बीएलडीसी पंखे, १० तास : ६००
- ५० वॅटचा टीव्ही, ४ तास : २००
- मोबाईल चार्जिंग : ५०
- ५०० वॅटचा मिक्सर, १५ मिनिटे : १२५
- इन्व्हर्टरचा स्वतःचा वापर, १० वॅट, २४ तास : २४०

एकूण १४४० वॅट-तास, म्हणजे रोज जवळपास दीड युनिट. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीज खातो, आणि गरजेपेक्षा मोठा घेतला तर आणखी खातो. वरील घराला २४ व्होल्टचा, १००० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर पुरतो. भविष्यात लागेल म्हणून ३ केव्हीएचा घेऊ नये.

पंख्यांकडेही लक्ष द्यावे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. वरील यादीत जुने दोन पंखे ठेवले, तर ६०० ऐवजी १५०० वॅट-तास लागतात. ही वाढीव ९०० वॅट-तासांची गरज भागविण्यासाठी पावसाळ्यात ३३० वॅटच्या एका पॅनेलपेक्षाही जास्त क्षमता लागते. त्यामुळे पॅनेल वाढवण्याआधी पंखा बदलणे केव्हाही स्वस्त. इलेक्ट्रिक शेगडी, गिझर आणि सिंचनाचा पंप या संचावर घेऊच नयेत.

पॅनेल किती लागतील

बॅटरी, वायर, धूळ आणि उष्णता यांत बरीच वीज जाते. एप्रिल-मे महिन्यांत पॅनेल ६० अंशांच्या वर तापते आणि २५ अंशांपुढील दर अंशाला त्याची क्षमता साधारण ०.४ टक्क्याने घटते. म्हणून गरजेला ०.७ ने भागावे. १४४० भागिले ०.७ म्हणजे सुमारे २०६० वॅट-तास.

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर रोज पाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढी ऊर्जा मिळते. त्या हिशेबाने ४१० वॅट पुरतील असे वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पठारी भागात साडेतीन तास धरणे योग्य. घाटमाथ्यावर व कोकणात त्याहून कमी धरावेत. साडेतीन तासांनी भागल्यास ५९० वॅट, म्हणजे ३३० वॅटची दोन पॅनेल लागतात.

खरी परीक्षा झडीत होते. दाट ढगाळ दिवशी जेमतेम सव्वा तासाचे ऊन धरले, तर दोन पॅनेल साडेपाचशे-पावणेसहाशे वॅट-तास देतील. उरलेली वीज बॅटरीतून येईल. पुढे दिलेल्या बॅटरीवर असे घर साडेतीन दिवस निघते. तिसरे पॅनेल जोडले, तर तीच बॅटरी पाच दिवसांहून अधिक पुरते आणि झड उघडल्यावर लवकर भरते. आमच्या मते, पैसे मोजके असतील तर ते तिसऱ्या पॅनेलवर घालावेत.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे ठेवावे. उतार अक्षांशाएवढा ठेवण्याची पद्धत आहे, पण पावसाळ्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो. त्यामुळे आपल्याकडे १५ अंशांचा उतार चालतो. तो १० अंशांपेक्षा कमी नसावा, नाहीतर पावसाने धूळ वाहून जात नाही. आंब्याच्या किंवा लिंबाच्या एका फांदीची सावलीही मोठी घट करते. पॅनेल सकाळी थंड असताना धुवावीत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून कापडाने लगेच पुसून घ्यावे. स्प्रिंकलरचे पाणी पॅनेलवर उडू देऊ नये.

बॅटरी

रोजची गरज १४४०, इन्व्हर्टरमधील घट धरून १६००. दोन दिवसांचा साठा म्हणजे ३२०० वॅट-तास. ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणून ६४०० वॅट-तासांची क्षमता हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या (७२०० वॅट-तास) घेऊन दोन-दोनच्या जोडीत २४ व्होल्टवर जोडाव्यात. क्षमता सी-१० मापाची आहे का, ते लेबलवर पाहावे. चारही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच बनावटीच्या घ्याव्यात. जुन्यात नवी मिसळली, की नवीही लवकर जाते. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येत असल्याने चार युनिटांची पुरते. ती महाग असते, पण पाणी घालावे लागत नाही आणि जास्त वर्षे चालते.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. कडब्याच्या गंजीजवळ, खत-औषधांच्या बंद खोलीत किंवा झोपण्याच्या खोलीत ती ठेवू नये. सावली आणि खेळती हवा असलेली जागा निवडावी.

पवनचक्की कोणाला परवडते

वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. अडीच मीटर व्यासाच्या ‘एक किलोवॉट’ पवनचक्कीचा हिशेब पाहा. सेकंदाला ११ मीटर वारा असेल तेव्हाच ती एक किलोवॉट देते. तोच वारा ८ मीटर असेल तर सुमारे ३७५ वॅट, ५ मीटरला ९० वॅट आणि ३ मीटरला जेमतेम २० वॅट मिळतात. विक्रेता पहिला आकडा सांगतो. आपण आपल्या शिवारातील वेगाचा आकडा विचारावा.

सपाट, झाडी असलेल्या नदीकाठच्या मळ्यात किंवा विदर्भाच्या बऱ्याच भागात छोटी पवनचक्की खर्च वसूल करीत नाही. साताऱ्यातील वनकुसवडे पठार, सांगलीतील ढालगाव परिसर, धुळ्यातील ब्रह्मणवेल, अहिल्यानगरमधील कवड्या डोंगर अशा उघड्या माथ्यांवर चित्र वेगळे आहे. येथे मोसमी वारा जून ते ऑगस्टमध्ये जोरात असतो, म्हणजे नेमका सूर्य झाकलेला असतो तेव्हा. झडीच्या दिवशी सलग ५ मीटरचा वारा राहिला तरी सुमारे २.२ युनिट मिळतात. वरील घर पॅनेलशिवाय चालते. हिवाळ्यात वारा पडतो तेव्हा आकाश निरभ्र असते. खरेदीआधी एक पावसाळा साधे वेगमापक उंच खांबावर लावून नोंदी घ्याव्यात. एकाच बाजूला कललेली झाडे ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर पैसे घालू नयेत.

चक्की घराच्या छतावर बसवू नये. भिंतींना हादरे बसतात आणि छतावरचा वारा भोवऱ्याचा असतो. सुमारे १०० मीटरच्या परिघातील सर्वांत उंच झाड किंवा इमारतीपेक्षा पाती किमान ९ मीटर उंच असावीत. खांबाचा पाया, ताणाच्या तारा आणि दुरुस्तीसाठी खांब खाली घेण्याची सोय यांचा खर्च धरूनच दर ठरवावा.

एक फरक तंत्रज्ञालाही आठवण करून द्यावा लागतो. बॅटरी भरल्यावर पॅनेल नुसते तोडता येते. पवनचक्कीवरचा भार एकदम काढला, तर ती सुसाट फिरून मोडते. म्हणून तिच्या कंट्रोलरला जादा वीज जिरवणारा रोध आणि ब्रेक असलाच पाहिजे. लिथियम बॅटरी आतील सुरक्षा यंत्रणेमुळे अचानक तुटू शकते, तेव्हा ही सोय अधिकच गरजेची.

जोडणी आणि सुरक्षा

६६० वॅट १२ व्होल्टवर नेल्यास ५५ अँपिअर वाहतात, २४ व्होल्टवर त्याच्या निम्मे. त्यामुळे वायर आणि घट दोन्ही वाचतात. एमपीपीटी कंट्रोलर तिसरे पॅनेल पेलणारा, ४० अँपिअर व १५० व्होल्टचा घ्यावा. थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. ४६ व्होल्टची तीन पॅनेल एका ओळीत जोडल्यास १३८ व्होल्ट होतात आणि निफाडसारख्या ठिकाणी पहाटे ते १४५ च्या पुढे जातात. तेथे तिन्ही पॅनेल समांतर जोडावीत.

बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. डीसी बाजूला डीसीचेच ब्रेकर वापरावेत; घरातील नेहमीचे एसी ब्रेकर डीसीची ठिणगी विझवू शकत नाहीत. पॅनेलचा सांगाडा आणि पवनचक्कीचा खांब यांना अर्थिंग करून, विजेच्या लाटेपासून वाचवणारे सर्ज प्रोटेक्टर बसवावेत. वळवाच्या पावसातील एका कडकडाटात इन्व्हर्टर जाण्याची उदाहरणे कमी नाहीत.

संच बसल्यावर पहिले वर्षभर वहीत नोंद ठेवावी. सकाळी, ऊन लागण्याआधी, भार तासभर बंद ठेवून बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. २४ व्होल्टच्या ट्यूब्युलर संचात २५.४ म्हणजे पूर्ण भरलेली, २४.४ म्हणजे साधारण निम्मी. सलग दोन सकाळी २४.४ च्या खाली आकडा आला, तर टीव्ही बंद ठेवावा, दिवे चालू द्यावेत. लिथियममध्ये व्होल्टेजवरून अंदाज येत नाही. तेथे बॅटरीच्या पडद्यावरील टक्केवारी पाहावी.