सहा स्वप्ने

पानिपतचा दोष कोणाचा, यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. पन्नास शिपायांच्या नायकाने काय करावे हे मात्र कोणी पुसत नाही. ते पुसले अर्नेस्ट स्विंटन या इंग्रज अधिकाऱ्याने. बोअर युद्ध (१८९९–१९०२) पाहून त्याने १९०४ साली ‘डिफेन्स ऑफ डफर्स ड्रिफ्ट’ हे छोटे पुस्तक लिहिले.

एका तरुण लेफ्टनंटाकडे पन्नास माणसे आणि नदीचा एक उतार राखण्याचे काम आहे. त्याला सहा स्वप्ने पडतात. पहिल्यात तो खंदक उद्यावर टाकतो, माणसे तंबूत निजवतो, लोणी-अंडी विकणाऱ्या शेतकऱ्याला छावणीभर हिंडू देतो. पहाटे सारे आटोपते. (त्या शेतकऱ्याला हेर म्हणणे आम्हांला जड जाते, मुलूख त्याचाच होता.) पुढे खंदक खणला जातो, पण तो दुरून दिसतो आणि तोफांना आयते निशाण मिळते. सहाव्या खेपेस तो नदीच्या पात्रातच दडतो आणि कुमक येईतो उतार राखतो.

आम्हीही एकदा संपाच्या आदल्या संध्याकाळची फाटकावरची सभा सकाळवर ढकलली होती. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पहिली पाळी आत गेली होती.