भावनांची शिकवणी

राग आला की हातातली वस्तू भिरकावणारी, एका टोमण्याने दोन दिवस अंथरुणाला खिळणारी, कधी स्वतःलाच इजा करून घेणारी माणसं प्रत्येक आळीत असतात. ‘तापट’, ‘नाटकी’ म्हणून आपण मोकळे होतो. एक उपचारपद्धती मात्र असं मानते, की भावना सांभाळणं ही शिकून येणारी गोष्ट आहे आणि ती चार जणांत बसून शिकता येते.

तिचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी ती घडवली. पहिली तुलनात्मक चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या मते काही माणसांच्या भावना उपजतच लवकर भडकतात आणि उशिरा निवतात. त्यात घरचे सतत म्हणणार, ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं?’ मग मूल आपल्या जाणिवेवरच विश्वास ठेवेनासं होतं.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, तेव्हापासून पुणेकरांना गटाची ताकद ठाऊक आहे. तिथे अनुभव सांगण्याला मोल आहे. डीबीटीचा गट मात्र सरळसरळ वर्ग असतो: फळा, दोन शिक्षक, आठवड्यातून एकदा साधारण अडीच तास आणि सुरुवातीलाच गृहपाठाची तपासणी. स्वतःला इजा केल्याचे तपशील गटात सांगायचे नाहीत, असा नियम. नवख्याला तो कोरडा वाटतो. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण अशा वर्णनाने शेजारी बसलेल्याचीही ऊर्मी जागी होऊ शकते.

विषय चार: सजगता, असह्य क्षण निभावणं, भावनांचं नियमन आणि माणसांशी वागणं. सगळा अभ्यासक्रम सुमारे २४ आठवड्यांचा. बहुतेक ठिकाणी तो दोनदा घेतात. दुसऱ्या विषयात अगदी शारीरिक उपायही आहेत. श्वास रोखून चेहरा काही सेकंद गार पाण्यात धरला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि उसळी ओसरते. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

असा वर्ग कारखान्यांच्या गावात कसा चालेल? पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम मागे टाकत घाट उतरला की पिरंगुट. इथे गट भरवायचा तर कारखान्यांच्या पाळ्या आधी विचारात घ्याव्या लागतील. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्यात रात्रपाळी असणारा माणूस दर बुधवारी संध्याकाळी सहाला कसा येणार? एकच धडा आठवड्यात दोनदा, वेगवेगळ्या वेळी घेणं हा साधा मार्ग आहे. चौथा विषय अधिक अवघड. आपली मागणी स्पष्ट सांगा, ठामपणे नाही म्हणा, असं तो शिकवतो. पण सुपरवायझरला नाही म्हटल्यावर कंत्राटी कामगाराचं काम जाऊ शकतं, आणि नव्या सुनेलाही तसंच काही गमवावं लागतं. म्हणून उदाहरणं इथलीच हवीत आणि नाही म्हणण्याची किंमतही वर्गात मोकळेपणाने मोजायला हवी.

गट हा पूर्ण डीबीटीचा एक भाग. वैयक्तिक उपचार, अडल्या वेळी फोनवर मदत आणि उपचारकांची आपसातली बैठक हे बाकीचे तीन. मनात मरणाचे विचार असतील तर गट सुरू होण्याची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.