फायरवॉलची भावकी

यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसकडे कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आवारात बिडी काढणाऱ्याला कुणीही हटकतं. रुईला एक ठिणगी पुरते. गाठीत शिरलेली आग तर वरून दिसतच नाही, आतल्या आत धुमसत राहते. त्यामुळे ‘फायरवॉल’ हा शब्द इथल्या माणसाला परका वाटू नये. तो मुळात आगीचाच आहे.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन चार दिवस जळत होतं. घरं लाकडाची, एकमेकांना खेटलेली. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि नव्या घरांच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या बांधणं सक्तीचं झालं. शेजारची आग अडवणाऱ्या भिंतीचं नाव पुढे मोटारीत इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यालाही मिळालं. संगणकांकडे ते आलं १९८० च्या दशकाच्या शेवटी. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे आपणहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, त्या वेळच्या अंदाजानुसार, इंटरनेटवरच्या साठेक हजार संगणकांपैकी सहा हजार आडवे केले. ओळखीपाळखीवर चाललेल्या जाळ्याला दार हवं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

मला मात्र फायरवॉलचा सख्खा भाऊ यवतमाळच्या सागवानी जंगलात दिसतो: जाळरेषा. वणव्याचे दिवस सुरू होण्याआधी वन विभाग पट्टे आखून त्यांवरचं गवत कापतो आणि जाळून टाकतो. हे पट्टे जंगलाच्या कडेने असतात, तसे आतूनही जातात. एक तुकडा पेटला तरी पलीकडचा वाचावा म्हणून.

आतली रेषा का लागते, ते २७ जून २०१७ ला दिसलं. ‘नॉटपेट्या’ हा असाच पसरणारा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाच्या दारातून, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि संगणकामागून संगणक पेटवत गेला. न्हावाशेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं.

जिनिंगच्या कचेरीतलं जाळं लहान असतं: वजनकाट्याचा संगणक, हिशेबाचा संगणक, कॅमेरे, येणाऱ्याजाणाऱ्याचं वायफाय. सगळं एकाच स्विचवर असलं तर ही यंत्रं आपसात थेट बोलतात आणि राउटरवरच्या फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. आधी त्यांचे वेगळे गट, म्हणजे व्हीलॅन, पाडावे लागतात, म्हणजे एका गटातून दुसऱ्यात जाणारी वाट फायरवॉलमधूनच जाईल. मग कोणी कोणाशी बोलायचं ते कागदावर मांडायचं. काट्याने वजन हिशेबाला द्यावं, तेवढंच. कॅमेऱ्यांना बाहेरची वाट नको, पाहुण्यांच्या वायफायला आतली नको. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा लागू करतात. वर ढिली परवानगी बसली तर खालची मनाई कुणी वाचतच नाही. शेवटची ओळ ठरलेली: बाकी सगळं बंद.

जाळरेषेवर गवत पुन्हा उगवतं. दुरुस्तीवाल्यासाठी एका दिवसापुरती उघडलेली वाट तशीच वर्षभर उघडी राहते. म्हणून प्रत्येक नियमापुढे कुणासाठी, कशासाठी, केव्हापर्यंत हे लिहून ठेवायचं आणि दसऱ्याच्या सुमारास, कापसाच्या गाड्या लागायच्या आत, मुदत संपलेले नियम खोडून टाकायचे.