एकशे ब्याण्णव मते

मंडळी, आमच्या सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे नाव निघाले की समोरचा लगेच म्हणतो, "अकरा वेळा आमदार!" खरेच आहे ते. पण आज मला आबांच्या विजयांविषयी नाही, पराभवांविषयी लिहायचे आहे.

आबा मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा माणूस १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून प्रथम निवडून आला. सांगोला म्हणजे पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी आहे, पण पाणी असेलच असे नाही. हल्ली डाळिंबाच्या बागा दिसतात, पण आमच्या पिढीला आठवतो तो दुष्काळ आणि खडी फोडणारी माणसे. अशा ठिकाणी मते मागायला जायचे म्हणजे पाण्याविषयी आणि कामाविषयी बोलावेच लागते.

१९६७ला ते पुन्हा निवडून आले आणि १९७२ला पडले. बांगलादेशच्या युद्धानंतरची ती निवडणूक. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. त्या लाटेत भलेभले वाहून गेले, तिथे एकट्या आबांचे काय! १९७४च्या पोटनिवडणुकीत ते परत आले आणि पुढे १९९०पर्यंतची प्रत्येक निवडणूक जिंकले. मधे १९७८ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्रीही झाले.

मग आले १९९५ साल. काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी आबांना हरवले, अवघ्या १९२ मतांनी!

आता माझ्यातला मास्तर गप्प बसत नाही, म्हणून हिशेब मांडतो. फरक १९२चा. म्हणजे ९७ जणांनी आपले मत इकडचे तिकडे केले असते, तर निकाल फिरला असता. ९७ माणसे म्हणजे काय? एखाद्या वाडीतली वीस-पंचवीस घरे. एका लग्नाची पंगत यापेक्षा मोठी असते. इतक्या वर्षांची आमदारकी तेवढ्या माणसांवर अडली.

मला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. पराभवाला लाटेचे निमित्त तरी १९७२ला होते, या खेपेला तेही नव्हते. वय सत्तरीकडे झुकलेले. पक्ष राज्यात आक्रसत चाललेला. दुसऱ्या पक्षाने आनंदाने उमेदवारी दिली असती, असे म्हणायला हरकत नाही. पण आबांनी बावटा बदलला नाही. सूत गिरणीचे काम होते, नागनाथअण्णा नायकवडींबरोबर १९९३पासून सुरू झालेली आटपाडीची पाणी परिषद होती. आमदारकी गेली म्हणून यातले काही थांबले नाही. १९९९ला लोकांनी त्यांना परत पाठवले, आणि शेवटचे २०१४ला, वयाच्या ८८व्या वर्षी. एसटीने फिरणारा आमदार अशी त्यांची ख्याती होती. त्यांचा प्रचार पंधरा दिवसांचा नव्हताच, दोन निवडणुकांच्या मधला सगळा काळ तो चालू असे.

तरी मी त्या ९७ जणांना कृतघ्न म्हणणार नाही. मतदाराने चांगल्या माणसालाही एखाद्या वेळी घरी बसवावे, हा त्याचा हक्कच आहे. तो हक्क नसेल तर अकरा विजयांनाही काही किंमत उरत नाही. जागा वतन नव्हे, हे सांगोल्याने आबांना दोनदा सांगितले आणि आबांनी ते मुकाट्याने ऐकले.

२०१९ला वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. जिंकले कोण? तेच शहाजीबापू, आता शिवसेनेतून. १९९५ची मुदत संपल्यापासून आमदारकीने त्यांनाही हुलकावणीच दिली होती, हेही विसरू नये. ३० जुलै २०२१ रोजी आबा गेले. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापतर्फे निवडून आले. आजोबांचे नाव पहिल्या निवडणुकीला पुरते. पुढच्या वेळी लोक काम विचारतील, आणि विचारावेच.

"माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. त्याला सांगोल्याचा हा हिशेब जरूर सांगा.

असो. तुमच्या तालुक्यातली अशी निसटती लढत आठवत असेल, तर अवश्य कळवा.