अध्यापकाच्या शिणाचें मोजमाप

तापाचें मान पाऱ्यावरून कळतें, धान्याचें पायलीवरून. परंतु जो प्राध्यापक रोज वेळेवर वर्गांत येतो, हजेरी घेतो, टिपणें सांगतो आणि तरीहि आंतून विझत चाललेला असतो, त्याच्या विझण्याचें मान कशावरून घ्यावें? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. इटालींतील ट्यूरिन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'एर्गोग्राफ' नांवाचें यंत्र बनविलें. मधल्या बोटास दोरीनें वजन बांधावयाचें, तें ठराविक तालावर उचलीत राहावयाचें आणि प्रत्येक उचल काजळी धरलेल्या कागदावर रेघेनें उमटवावयाची, अशी त्याची योजना. हें यंत्र त्यांनीं आपल्या सहकारी अध्यापकांवरच चालविलें. तोंडी परीक्षा घेऊन उठलेल्या डॉ. माज्जोरा यांच्या बोटाची शक्ति परीक्षेपूर्वीच्या मानानें पुष्कळच घटलेली दिसली. परीक्षा विद्यार्थ्यांची आणि दमछाक परीक्षकाची! १८९१ सालीं मोस्सो यांनीं थकव्यावर ग्रंथच लिहिला.

परंतु बोटाचा थकवा रात्रीच्या झोपेनें जातो. मनांत मुरलेला शीण जात नाहीं. न्यू यॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांत, आणि स्वतःतहि, हा दुसरा शीण पाहिला व १९७४ सालीं 'बर्नआउट' या नांवानें त्याविषयीं लिहिलें. १९८१ त क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनीं त्याची प्रश्नावली सिद्ध केली. तींत २२ विधानें; ती ती भावना कितीदां येते, याचें उत्तर ० ते ६ या आकड्यांत द्यावयाचें. मनाची झीज, माणसांविषयीं आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून कांहींच घडत नाहीं ही जाणीव, अशीं तीन अंगें तींत निरनिराळीं मोजलीं जातात. त्यांची बेरीज करावयाची नाहीं. एकच आकडा हवा असणाऱ्या कारभाऱ्यांना ही गोष्ट फारशी रुचत नाहीं.

अशा मापाची विश्वसनीयता ठरविण्यास ली क्रोनबाख यांनीं १९५१ सालीं मांडलेला गुणांक वापरतात. विधानांचीं उत्तरें एकमेकांशीं किती जुळतात, एवढेंच तो सांगतो. रोज दहा मिनिटें मागें राहणारें घड्याळहि नियमितच असतें. गाडी मात्र चुकते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत हें माप लावूं गेल्यास ही उणीव चटकन् उघडी पडते. १ मे १९९९ रोजीं परभणीतून वेगळा झालेला हा पांच तालुक्यांचा जिल्हा. निजामी अमदानींत या मुलखाचें विद्यापीठ म्हणजे १९१८ सालीं निघालेलें, उर्दू माध्यमाचें उस्मानिया. १९५८ पासून औरंगाबादचें मराठवाडा विद्यापीठ, आणि १९९४ पासून नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. लहान गांवच्या महाविद्यालयांत एकेका विषयास बहुधा एकदोनच अध्यापक. विषय, वय व नोकरीचीं वर्षें लिहिलीं कीं नांव न लिहितांहि माणूस ओळखूं येतो. त्यांतून कोणी कायम, कोणी तासिका तत्त्वावरचा. ज्याला पुढल्या वर्षींच्या नेमणुकीची धास्ती आहे, तो सर्वत्र शून्यच लिहील; आणि भीतीनें दिलेलीं उत्तरेंहि आपसांत उत्तम जुळतात. गुणांक त्यानें उलट वाढूंहि शकेल!

भाषेची अडचण याहून नाजूक. 'थकलों' या शब्दांत दिवसाचा शीण येतो, आजार येतो, आणि 'आजोबा आतां थकले' म्हणतांना नुसतें वयहि येतें. निवृत्तीस टेकलेला प्राध्यापक आणि पंचविशींतला अध्यापक यांनीं या शब्दापुढें एकच आकडा लिहिला, तरी दुखणें एक नव्हे. येथें डॉ. व्ही. व्ही. कामत यांचा कित्ता गिरविण्यासारखा आहे. बिने यांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्या नुसत्या भाषांतरित न करतां त्यांनीं कानडी व मराठी मुलांसाठीं त्यांत फेरबदल केले व मुलांवरच त्या पडताळून पाहिल्या. १९३४ सालीं त्याचा वृत्तांत व १९४० त ग्रंथ प्रसिद्ध झाला. अध्यापकांच्या प्रश्नावलीसहि तोच मार्ग घ्यावा लागेल. कागद प्राचार्यांच्या कचेरींत जमा न होतां बाहेर बंद पाकिटांत जावे, कायम व तासिकेवरचे अध्यापक निराळे मोजावे, आणि तींच विधानें एकदां सत्राच्या मध्यावर व एकदां उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरीं आलेले असतांना विचारावीं.