वस्तऱ्याचा पट्टा आणि एक संप

मंडळी, आजोबांचा वस्तरा लावायचा चामड्याचा पट्टा इकडे दुबई-शारजाला आणला असेल, तर त्याला उन्हात किंवा एसीच्या झोतासमोर टांगू नका. चामडं सुकून तडकतं. तेलाचे दोनच थेंब बोटाने चोळा. जास्त झालं की पट्टा मऊ पडतो, धार गोल होते.

आणि मुलांना हेही सांगा. धोकटीतल्या अशाच वस्तऱ्याने विधवांचं केशवपन व्हायचं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि या कामाला त्यांनी चक्क नकार दिला. हातावर पोट असूनही मिळकतीवर पाणी सोडलं! मी रोज ताळेबंद तपासते, पण असा तोटा जमेच्या बाजूलाच लिहावा लागतो. पटतंय ना?